कुलूप आपले, किल्ली कोणाकडे?

आषाढात मुळशी खोऱ्यात पाऊस कसा असतो, हे तिकडे राहणाऱ्यांना सांगावयास नको. ताम्हिणीकडून ढग उतरले की पौडच्या पुढे भर दिवसा घरात दिवे लावावे लागतात आणि नेमके तेव्हाच दिवे जातात. अशाच एका सकाळी आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांना न्याहारी करताना पक्षाघाताचा झटका आला. त्यांचे वय ७४. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, शब्द फुटेनात. मुलाने वेळ दवडला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून पिरंगुट, भूगाव करीत त्यांना पुण्यातील रुग्णालयात पोहोचवले. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यावयाचे असेल तर ते पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, हे आपण या सदरात पूर्वीही वाचले असेल. ते तास हातात होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? असल्यास कोणती, आणि शेवटची केव्हा घेतली? प्रश्न औपचारिक नव्हता. त्या उत्तरावरच इंजेक्शन द्यावे की नाही हे ठरणार होते. गुरुजींच्या साऱ्या औषधचिठ्ठ्यांची छायाचित्रे त्यांच्या मोबाइलमध्ये होती. माणूस नीटनेटका, मोठ्या हौसेने त्यांनी ती लावून ठेवली होती. मोबाइल उघडत असे त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या ठशाने. पण आदल्या रात्री वीज गेल्यामुळे तो बंद पडला होता, आणि बंद पडून पुन्हा सुरू झालेला मोबाइल प्रथम ठसा स्वीकारत नाही, अंकी पिन मागतो. पिन एकट्या गुरुजींना ठाऊक होता. ते शुद्धीवर होते, प्रश्न त्यांना कळत होता, उत्तर देण्यासाठी ओठ हलत होते. मात्र शब्द येत नव्हते. त्यांच्या पत्नी एवढेच म्हणत राहिल्या, ‘‘अहो, त्यांनी मला कधी सांगितलंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.’’

शेवटी पौडमधील ज्या औषध दुकानातून ते गोळ्या नेत, तेथे दूरध्वनी लागला आणि दुकानदाराने वहीत पाहून नावे सांगितली. पाऊण तास गेला, पण मुदतीच्या आत काम झाले.

त्या पाऊण तासाने आम्हाला या लेखाचा विषय दिला. पासवर्ड कसा निवडावा यावर तरुणांसाठी पुष्कळ लिहिले जाते आणि त्यात चोर बाहेरचाच असतो असे गृहीत धरलेले असते. आपल्यासारख्या घरात प्रश्न दुहेरी आहे. किल्ली चोराच्या हाती लागता कामा नये, आणि आपला हात लुळा पडला तर ती घरच्यांना सापडलीही पाहिजे.

मराठीत पासवर्डला ‘परवलीचा शब्द’ असा फार नेमका शब्द आहे. छावणीत किंवा गडाच्या दरवाजावर रात्री येणाऱ्याला पहारेकरी हटकत असे. ठरलेला शब्द सांगितला तरच वाट मिळे. घनगड किंवा कोराईगडाच्या पायथ्याशी ज्यांचे बालपण गेले, त्यांना अशा गोष्टी आजोबांकडून ऐकल्याचे आठवत असेल. त्या शब्दाकडून दोनच अपेक्षा असत: शत्रूला तो सुचू नये, आणि आपला माणूस थकून-भागून परतला तरी त्याला तो आठवावा. संगणक आला तरी या अपेक्षा बदललेल्या नाहीत. बहुतेक लोक पहिली विसरतात आणि बहुतेक तज्ज्ञ दुसरी.

संगणकासाठी पासवर्ड प्रथम वापरला गेला तो अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत, १९६१ च्या सुमारास. एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून घ्यावयाचा होता, म्हणून फर्नांडो कोर्बाटो यांनी प्रत्येकाला स्वतंत्र परवलीचा शब्द देण्याची युक्ती काढली. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या तेथील संशोधकाला संगणकावर अधिक वेळ हवा होता. त्याने साऱ्या पासवर्डांची यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम सुरू केले. पासवर्ड जन्मला आणि बाळसे धरण्यापूर्वीच फुटला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढचा किस्सा आम्हाला अधिक समाधान देणारा वाटतो. २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेतील बिल बर यांनी पासवर्डाविषयी एक मार्गदर्शिका लिहिली. मोठे अक्षर घाला, अंक घाला, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला, हा जो जाच आपण बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे सोसतो, त्याचे मूळ बरेचसे तेथे आहे. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, या गृहस्थांनी वृत्तपत्राला मुलाखत देऊन त्यातील बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावयास लावले की माणूस शेवटचा १ खोडून २ करतो, आणि हे चोरालाही ठाऊक असते. त्याच वर्षी त्या संस्थेने आपली शिफारस बदलली: लांबी महत्त्वाची, चिन्हांची कसरत नव्हे, आणि फुटल्याची शंका नसेल तर उगाच बदलावयाचीही गरज नाही. म्हणजे ‘मला हे जमत नाही, माझे वय झाले’ असे आपण इतकी वर्षे स्वतःला दूषण देत होतो, त्यात आपला दोष फारसा नव्हता. नियमच माणसाच्या स्मरणशक्तीला धरून केलेला नव्हता.

तरीही पहिली अपेक्षा सोडता येत नाही. २००९ मध्ये रॉक यू नावाच्या एका अमेरिकी कंपनीकडून तीन कोटी वीस लाख पासवर्ड चोरीला गेले आणि ते जगजाहीर झाले. त्यांत सर्वाधिक लोकांनी निवडलेला पासवर्ड होता १२३४५६. सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा तोच. आपल्याकडे त्याची भावंडे म्हणजे नातवाचे नाव आणि जन्मसाल, कुलदैवताचे नाव आणि १२३, मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार अंक, लग्नाची तारीख. नातवाचे नाव वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये व्हॉट्सॲपवर सर्वांनी वाचलेले असते आणि कुलदैवताचे घराच्या पाटीवर असते.

मग चांगला शब्द आणावा कोठून? १९९५ मध्ये आर्नोल्ड राइनहोल्ड या अमेरिकी गृहस्थांनी एक साधी रीत सुचवली. ७,७७६ शब्दांची यादी घ्यावयाची, पाच फासे टाकावयाचे आणि दानाप्रमाणे यादीतील शब्द उचलावयाचे. असे काही शब्द ओळीने ठेवले की झाला परवलीचा शब्द. असे चारच शब्द घेतले तरी त्यांच्या जुळण्या सुमारे ३६ कोटी कोटी होतात. मुद्दा फाशांचा नाही, शब्द आपल्या मनाने निवडावयाचा नाही हा आहे. मन फार प्रामाणिक असते. ते हटकून जवळच्या माणसाचे किंवा देवाचेच नाव देते.

घरी हे असे करता येईल. एखादे जाडजूड पुस्तक घ्यावे, डोळे मिटून चार निरनिराळ्या ठिकाणी उघडावे आणि प्रत्येक ठिकाणी बोट पडेल तेथील वस्तूचे नाव टिपावे. समजा निघाले: उखळ, बोगदा, पेरू, सनई. आता यांचे एक चित्र मनाशी रंगवावे. उखळात बोगदा खणला आहे, बोगद्याच्या तोंडाशी पेरू खात कोणी बसले आहे आणि आतून सनई वाजते आहे. चित्र जितके हास्यास्पद, तितके ते टिकते. वय वाढले की सुटे अंक आणि चिन्हे निसटतात, पण चित्र आणि गोष्ट बराच काळ राहते. पाठांतरात वाढलेल्या आपल्या पिढीला हे वेगळे शिकवावयास नको. हे शब्द रोमन लिपीत, मध्ये आडवी रेघ देऊन टंकावेत. एक खबरदारी घ्यावी: ‘ळ’, ‘ण’, दीर्घ ‘ऊ’ असे वर्ण रोमनमध्ये कसे लिहिले ते पहिल्याच दिवशी निश्चित करावे, नाहीतर शब्द आठवतो आणि स्पेलिंग आठवत नाही. एखादी बँक मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह मागतेच. ते नेहमी एकाच ठरलेल्या जागी घालावे. काही ठिकाणी लांबीवर मर्यादा असते, तेथे तीन आखूड शब्दांवर भागवावे. आणि वर दिलेले उदाहरण मात्र कृपया कोणीही वापरू नये; ते आता छापून झाले आहे.

चार अंकी पिनची गोष्ट निराळी. तेथे जुळण्या सारे मिळून दहा हजार. यंत्र दोन-तीन चुकांनंतर कार्ड अडवते, म्हणूनच तो चालतो. पण जन्मसाल ठेवले तर चोराला दोन-तीन संधीही पुरतात. पाकिटातील एखादी नोट न पाहता काढावी, तिच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक घ्यावेत, ते पाठ करावेत आणि ती नोट वाण्याकडे खर्चून टाकावी.

सगळ्याच खात्यांना सारखे जपणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. एखाद्या भजनांच्या ॲपचा पासवर्ड फुटला तर फुटू द्यावा, फक्त तोच शब्द बँकेला दिलेला नसावा. कारण एके ठिकाणी चोरलेला शब्द चोर दहा ठिकाणी लावून पाहतो. सर्वांत जपावयाचे खाते कोणते, असे विचारल्यास पुष्कळ जण बँकेचे सांगतील. आमच्या मते ते ईमेलचे. ‘पासवर्ड विसरलात?’ असे दाबले की नवा शब्द ठरविण्याची वाट बहुधा तेथेच येते. ज्याच्या हाती ईमेल, त्याच्या हाती बाकीच्या बऱ्याच किल्ल्या. तेथे पाच किंवा सहा शब्द घ्यावेत आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आपल्या मोबाइलवर खात्री करून घेण्याची सोय, मुलाकडून किंवा सुनेकडून सुरू करून घ्यावी.

अंगठ्याच्या ठशावर सारा भरवसा ठेवणारे बरेच आहेत. त्यांना या पाक्षिकातून एक वैद्यकीय गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. वयानुसार त्वचा कोरडी आणि सैल होते, ठशाच्या रेघा झिजतात. ज्यांनी जन्मभर भाताच्या खाचरात चिखलणी आणि लावणी केली, ज्यांचे हात भांडी-धुण्यात गेले, त्यांना रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा उमटत नाही हा अनुभव नवा नाही. कर्करोगावरील कॅपेसिटाबिन या औषधाने तळहात-तळपायांची त्वचा सोलवटून ठसे पुसट होऊ शकतात. अशा एका रुग्णाला विमानतळावर अडवून ठेवल्याचे उदाहरण २००९ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. आणि पक्षाघात बहुधा शरीराच्या एकाच बाजूला होतो. म्हणून ठसा ठेवावयाचाच तर दोन्ही हातांच्या बोटांचा ठेवावा, आणि ठसा असला तरी पिनची आठवण जागती ठेवावी. आठवड्यातून एकदा मुद्दाम पिनने मोबाइल उघडणे हा त्यावरचा सोपा व्यायाम.

विसरण्याविषयीही दोन शब्द. गेल्या महिन्यात ठेवलेला नवा पासवर्ड आठवेना म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. तो तिशीतल्या मुलालाही आठवत नाही. लक्ष द्यावयाचे ते वेगळ्या गोष्टीकडे. वर्षानुवर्षे बोटांवर असलेला पिन वारंवार चुकू लागला, पासबुकातील नेहमीची बेरीज उमगेनाशी झाली, एकच बिल दोनदा भरले गेले, अनोळखी माणसाच्या सांगण्यावर सहज पैसे दिले गेले, तर काळजीवाहकांनी रागावण्याआधी डॉक्टरांची वेळ घ्यावी. स्मृतिभ्रंशाच्या आजारात पैशाच्या व्यवहारातील गोंधळ इतर लक्षणांच्या बराच आधी दिसू शकतो. काही वेळा कारण साधे आणि बरे होण्यासारखेही निघते: थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेची गोळी, मोतीबिंदू.

पासवर्ड कागदावर लिहावा की लिहू नये? ‘कोठेही लिहू नका’ हा उपदेश आम्हाला पटत नाही. ब्रूस श्नायर यांच्यासारख्या नामांकित सुरक्षातज्ज्ञाने २००५ मध्येच सांगितले होते की चांगला, लांब पासवर्ड लिहून पाकिटात जपणे हे सोपा पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षा बरे. परदेशात बसलेल्या चोराला आपल्या कपाटातील वही दिसत नाही. मात्र घरात येणारे-जाणारे असतात, मदतनीस असतात, म्हणून वहीत शब्द पूर्ण लिहू नये. सर्व पासवर्डांच्या शेवटी एक ठरलेला लहान शब्द जोडावा आणि तो कधीच लिहू नये. वहीत फक्त पुढचा भाग. वही कोणाच्या हाती पडली तरी अर्धीच किल्ली मिळते. एटीएमचा पिन मात्र मुळीच लिहू नये, कार्डाच्या पाकिटावर तर नाहीच. बँकेतून आलेल्या लखोट्यासकट पिन आणि कार्ड एकाच बटव्यात जपून ठेवणाऱ्या एक आजी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने तो व्यवस्थितपणाच होता.

मोबाइलच्या फोटोंमध्ये आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेल्या संदेशात पासवर्ड ठेवण्याची रीत हल्ली बोकाळली आहे. ती वहीपेक्षा कितीतरी वाईट, कारण मोबाइल हरवला की कुलूप आणि किल्ली एकदमच जातात.

आता शब्द कितीही बळकट असला तरी मागितल्यावर देऊन टाकला तर उपयोग काय? पुण्यातील या प्रकारचे एक जुने आणि गाजलेले प्रकरण २००५ चे आहे. सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांना दूरध्वनीवर मदत करणारे केंद्र पुण्यात होते. तेथे कर्मचाऱ्यांची येता-जाता झडती होत असे, जेणेकरून कोणी काही टिपून नेऊ नये. काही कर्मचाऱ्यांनी टिपले नाहीच. बोलता-बोलता ग्राहकांचा विश्वास संपादन करून त्यांचे पिन विचारून घेतले, डोक्यात ठेवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात खोट्या नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. एप्रिल २००५ मध्ये अटका झाल्या. येथे कोणतेही कुलूप तोडले गेले नव्हते. समोरचा आवाज आदबशीर होता आणि अडचणीत असलेल्या माणसाला मदत करत होता, एवढेच.

याउलट ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, ते बँकेच्या यंत्रणेत शिरून; तेथे कोणा ठेवीदाराच्या पासवर्डाचा दोष नव्हता. आपल्या हाती आहे ते पहिल्या प्रकारचे संकट. गंमत अशी की ज्या हिंजवडीत जगभरच्या बँकांच्या संगणकांची राखण चालते, ते गाव आपल्या मुळशी तालुक्यातच आहे. आणि त्याच तालुक्यातील एखाद्या आजोबांना ‘तुमची वीज आज रात्री कापली जाईल’ असा निरोप येतो व ते घाबरून ओटीपी सांगून मोकळे होतात.

त्यासाठी काही गोष्टी घरातील दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवण्यासारख्या आहेत. बँकेचा खरा अधिकारी पिन, पासवर्ड किंवा ओटीपी विचारत नाही. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तो फक्त देण्यासाठी लागतो. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. कॅमेऱ्यासमोर गणवेशातला माणूस बसवून कोणी धमकावले तर तो पोलीस नव्हे. कोणी पाठवलेली फाइल उघडून नवे ॲप बसवू नये, आणि मदतीच्या नावाखाली आपला पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप तर नाहीच. बँकांनी आपली संकेतस्थळे ऑक्टोबर २०२५ अखेर ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाने ठेवावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावून घ्यावी. आणि फसगत झालीच तर लाज बाळगून चार दिवस गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, बँकेलाही कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हिशेब असा आहे: आपण स्वतः पिन सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले, कळवल्यानंतर होणारे बँकेचे. म्हणजे लाजेचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

काळजीवाहकांसाठी मात्र सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उरतो. आईवडिलांचा पासवर्ड आपण मागून घ्यावा काय? प्रेमापोटी मागितला तरी त्यांना तो संशय वाटतो, आणि कधी कधी त्यांचा संशय खराही असतो. भावंडांत पुढे जे वाद होतात त्यांची सुरुवात ‘बाबांचा पिन तुझ्याकडेच होता ना?’ या वाक्याने झालेली आम्ही ऐकली आहे. आमचे मत असे की बँकेचा पिन मुलांनीही मागू नये आणि वडीलधाऱ्यांनीही देऊ नये. त्याऐवजी दार कायदेशीर असावे. खाते संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशी सूचना द्यावी, नामनिर्देशन तपासावे. किरकोळ खर्चासाठी एक लहान शिलकीचे वेगळे खाते ठेवावे. यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ पासून आहे. तीत आपला पिन न देता विश्वासातील व्यक्तीला ठरावीक मर्यादेत, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत, आपल्या खात्यातून पैसे देण्याची मुभा देता येते. हे सारे हातपाय आणि बुद्धी शाबूत असतानाच करावे. साधे मुखत्यारपत्र आजारात उपयोगी पडेल असे पुष्कळांना वाटते, पण ते करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की कायद्याने ते संपते. नेमके गरजेच्या वेळी कागद निरुपयोगी ठरतो. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यातील एक बँकेचा अधिकारी, घेऊन पैसे देण्याची सोय बँकांत आहे, आणि सत्तरीपुढील खातेदारांना घरपोच सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सूचना दिलेल्या आहेत. शाखेत जाऊन शांतपणे विचारावे, लेखी अर्ज द्यावा.

मोबाइलच्या पिनची गोष्ट वेगळी. त्यात पैसे आहेत तसे औषधेही आहेत, डॉक्टरांचे क्रमांक आहेत. बँकेच्या ॲपला आणि यूपीआयला वेगळे पिन असतील, तर मोबाइल उघडण्याचा पिन जोडीदाराला किंवा एका अपत्याला ठाऊक असणे शहाणपणाचे. तो बंद लखोट्यात घालून, चिकटवलेल्या जागेवर सही करून, कपाटात ठेवावा. लखोटा कोणी उघडला तर कळते. शिवाय बहुतेक मोबाइलमध्ये कुलूप न उघडता दिसणारी ‘आपत्कालीन माहिती’ भरता येते: रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, कोणाला कळवावे. ती भरावयास दहा मिनिटे लागतात. आणि औषधांची कागदी यादी स्वयंपाकघरातील कॅलेंडरमागे अडकवावी. तिला पासवर्ड नसतो आणि वीज गेली तरी ती बंद पडत नाही.

गुरुजी आता बरेच सावरले आहेत. उजव्या हाताला अजून भरवसा नाही, पण वाचा परत येत आहे. वाचोपचार करणाऱ्या ताईंनी त्यांना रोज काही शब्द स्पष्ट उच्चारावयास सांगितले, तेव्हा त्यांनी परस्पर आपल्या नव्या पासवर्डचेच चार शब्द घेतले. एका दगडात दोन पक्षी. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ ओसरीवर त्यांचा मोठ्याने घोष चालला होता. शेजारची मुले, दूधवाला आणि दोन घरे पलीकडच्या काकू यांनाही ते शब्द पाठ झाले, तेव्हा कोठे बाईंनी त्यांच्यासमोर पुस्तक आणून ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘चला, आता दुसरे चार काढा. मनातल्या मनात.’’